रविवारच्या विद्यार्थ्याला कोण विचारतो?

मुळशी तालुक्यातल्या लवळे गावात सिम्बायोसिस आणि फ्लेम ही दोन विद्यापीठे आहेत. अशा ठिकाणी राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिमान्यता परिषदेची, म्हणजे नॅकची, समिती येते, तेव्हा विद्यार्थ्यांशी बोलण्यासाठी वेगळा वेळ ठेवलेला असतो. मुले आवारातच असल्याने त्यांना एका सभागृहात जमवणे अवघड नसते. शिकवणे कसे आहे, ग्रंथालय किती वेळ उघडे असते, हे ती समोरासमोर सांगतात.

त्याच तालुक्यातल्या पिरंगुटच्या कारखान्यात पाळीने काम करून बी.ए. करणारा तरुण त्या सभागृहात कधीच नसतो. लग्नानंतर सुटलेले शिक्षण पुन्हा हाती घेतलेली मुळशी धरणापलीकडच्या गावातली सूनही नसते. अशांसाठीच १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. पण मुख्यालय नाशिकला, विभागीय केंद्र पुण्यात, आणि विद्यार्थ्याच्या ओळखीचे ते फक्त अभ्यासकेंद्र. संपर्क सत्र बहुधा सुट्टीच्या दिवशी असते. पुस्तके उशिरा मिळाली, सत्र ऐनवेळी रद्द झाले, गृहपाठाचे गुण निकालात दिसलेच नाहीत, तर तक्रार केंद्र संयोजकाच्या टेबलापर्यंत जाते. बहुतेकदा तिथेच थांबते.

नॅकची स्थापना १९९४ची. २०१७पासून तिच्या मूल्यांकनात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आले. ते ऑनलाइन होते आणि प्रश्नावली विद्यार्थ्याच्या ई-मेलवर जाते. वर्गात अभ्यासक्रम किती शिकवून झाला, शिक्षक तासाला किती तयारीने येतात, असे त्यातले पहिले प्रश्न आहेत. रोज वर्गात बसणाऱ्याला ते नेमके लागू पडतात. वर्षभरात मोजक्याच वेळा शिक्षकाला भेटणाऱ्याने काय उत्तर द्यायचे? मुक्त विद्यापीठांसाठी नॅकने स्वतंत्र नियमावली केली, हे चांगलेच झाले. पण दूरशिक्षणाचे विद्यार्थी नेहमीच्या विद्यापीठांतही असतात, आणि तिथे त्यांचा आवाज वर्गातल्या मुलांच्या आवाजात मिसळून जातो.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे दूरशिक्षणाविषयीचे विनियम ४ सप्टेंबर २०२० रोजी निघाले. त्यानुसार दूरशिक्षण देणाऱ्या प्रत्येक संस्थेला अंतर्गत गुणवत्ता हमी केंद्र चालवावे लागते. केंद्राच्या समितीत कुलगुरू अध्यक्ष असतात. सोबत ज्येष्ठ प्राध्यापक, विभागप्रमुख, बाहेरचे दोन तज्ज्ञ, प्रशासनाचे आणि वित्त विभागाचे अधिकारी. विद्यार्थ्यांचा अभिप्राय मागवणे हे या केंद्राचे एक काम आहे. समितीच्या रचनेत मात्र विद्यार्थ्याला जागा नाही. हा फरक लहान नाही. अभिप्राय देणारा ठरलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. समितीत बसणारा मुळात कोणता प्रश्न विचारायचा, हे ठरवतो आणि गेल्या वर्षीच्या तक्रारीचे काय झाले, हेही विचारू शकतो.

इतरत्र विद्यार्थ्याला अशी जागा मिळालेली आहे. स्कॉटलंडमध्ये विद्यापीठांच्या बाह्य गुणवत्ता परीक्षणाच्या पथकात २००३पासून एक विद्यार्थी पूर्ण सदस्य म्हणून बसू लागला. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात विद्यार्थी घरूनच शिकतात, तरी त्यांची स्वतःची संघटना आहे आणि तिचे प्रतिनिधी विद्यापीठाच्या समित्यांवर जातात. विद्यार्थी विखुरलेले आहेत, म्हणून प्रतिनिधी निवडता येत नाही, ही सबब त्यामुळे फारशी टिकत नाही.

अडचण आहे ती वेळेची आणि पैशाची. समितीच्या बैठकीसाठी पाळी बुडवून नाशिकला जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि दोनशे किलोमीटरहून जास्त प्रवास, तोही एकाच बाजूचा. ज्याच्याकडे रजा आणि गाडी आहे, तोच मग प्रतिनिधी होणार. घाटाकडच्या गावांत मोबाइलची रेंज नीट मिळत नाही, त्यामुळे सगळे ऑनलाइन करून टाकणे हाही पुरता उपाय नव्हे.

म्हणून विद्यापीठांनी एवढे तरी करावे. गुणवत्ता हमी केंद्राच्या समितीत दोन विद्यार्थी घ्यावेत, एक शहरातला आणि एक तालुक्यातला, आणि त्यांना प्रवासखर्चाबरोबर बुडालेली मजुरीही द्यावी. प्रश्नावली सोप्या मराठीत, कागदावर, संपर्क सत्रातच भरून घ्यावी. आणि नॅकच्या समितीने मुख्यालयाचा दौरा आटोपल्यावर एक रविवार एखाद्या तालुक्याच्या अभ्यासकेंद्रात, संयोजकाला बाहेर बसवून, विद्यार्थ्यांबरोबर घालवावा.