रीलमधली ‘स्पा बाथरूम’ आपल्या घरात करायचीय? आधी हवा, पाणी आणि फरशी बघा

मंद पिवळे दिवे, कोपऱ्यात झाड, वरून पावसासारखा पडणारा शॉवर. अशी रील तुम्हीही सेव्ह केली असेल. पण तीच बाथरूम दुसरबीडच्या घरात करायची तर काय बदलावं लागेल?

खरं तर ‘स्पा’ आपल्याला नवा नाही. दिवाळीचं अभ्यंगस्नान म्हणजे तेल, उटणं, कढत पाणी आणि निवांत वेळ. फरक एवढाच, की आता ते रोज हवंय. म्हणजे बंद दाराआड जास्त वेळ, जास्त पाणी आणि फरशीवर तेल. या तिन्हींचा हिशेब आधी करू.

हवा : सर्वात मोठा धोका

बऱ्याच घरांत गॅस गिझर बाथरूमच्या आतच असतो. बंद जागेत गॅस जळताना ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं आणि दार उघडण्याआधीच माणूस बेशुद्ध पडू शकतो. त्यामुळे गिझर बाहेर मोकळ्या हवेत लावा आणि आत फक्त गरम पाण्याची पाइप आणा. खिडकी किंवा एक्झॉस्ट फॅन ओल जाण्यासाठी हवाच, पण त्याच्या भरवशावर गिझर आत ठेवू नका. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवा.

इलेक्ट्रिक गिझर असेल तर अर्थिंग तपासा आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावून घ्या. करंट गळला की तो क्षणात वीज तोडतो.

पाणी : टब की बादली?

जलजीवन मिशनचा निकष आहे माणशी रोज 55 लिटर. म्हणजे चौघांच्या घराला 220 लिटर. एक बाथटब भरायला साधारण 150 ते 200 लिटर लागतात! मिनिटाला 12 लिटर सोडणारा शॉवर 10 मिनिटं चालवला तर 120 लिटर गेले. बादलीत मात्र 15 ते 20 लिटरमध्ये काम होतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात टब म्हणजे शोभेची वस्तूच. त्यापेक्षा कमी पाणी सोडणारा हँडशॉवर, बसायला दगडी किंवा विटांचा ओटा आणि मोठी बादली घ्या. सांडपाणी परसातल्या केळीला किंवा शोषखड्ड्यात सोडा.

बोअरचं पाणी जड असेल तर शॉवरची छिद्रं क्षारांनी बुजतात. पाणी जितकं जास्त तापवाल तितके क्षार लवकर साचतात. गिझर 50 अंशांच्या आसपास ठेवा आणि शॉवरची जाळी काढून अधूनमधून व्हिनेगरमध्ये भिजवा.

फरशी : तेल आणि आजी

चकचकीत टाइल्स रीलमध्ये छान दिसतात, पण तेलाच्या पायाखाली त्या घसरतात. म्हातारपणी असं एक पडणं खुब्याचं हाड मोडायला पुरेसं असतं. मॅट, खरखरीत अँटिस्किड टाइल्स निवडा आणि भिंतीला पकडायला दांडा लावा. शहाबादी किंवा कडप्पा वापरत असाल तर ॲसिडने धुऊ नका. हे चुनखडीचे दगड आहेत, ॲसिड त्यांना खातं.

पैसे आधी कुठे घालायचे?

1. वॉटरप्रूफिंग. टाइल्स बसवण्याआधी जाळी बंद करून 24 ते 48 तास पाणी भरून ठेवा. खाली किंवा शेजारच्या भिंतीत ओल दिसली तर तिथेच थांबा.
2. उतार. जाळीकडे दर मीटरला साधारण 1 ते 1.5 सेंटिमीटर.
3. हवा आणि वायरिंग.
4. मग दिवे, झाड, आरसा.

बहुतेक जण यादी उलटी सुरू करतात आणि दोन वर्षांत टाइल्स फोडतात.

निवांतपणासाठी महाग काही लागतंच असं नाही. याच तालुक्यातल्या सिंदखेडराजाची पुतळा बारव बघा. दगडी पायऱ्या, सावली आणि पाणी, एवढ्यावरच तिथे गारवा आहे. आपल्या न्हाणीतही आधी तेवढंच जमवा. आणि हो, घरी गॅस गिझर आतच असेल तर बाथरूम नवी करायची वाट बघू नका. तो आजच बाहेर काढायला सांगा.