शिक्का कोणाचा आणि खोलीत कोण?

रमजानला आठवडा राहिला होता तेव्हा भाईजानच्या मोबाईलवर एक निरोप आला. ‘हार्दिक अभिनंदन! आपल्या मुलीची परदेशात भारताचं प्रतिनिधित्व करण्यासाठी निवड झाली आहे.’ आखाती देशातली बुद्धिबळ स्पर्धा, नऊ दिवस, विमान आणि हॉटेल धरून पावणेदोन लाख रुपये. त्यातले पन्नास हजार शुक्रवारपर्यंत भरायचे. वर तिरंगा, खाली एका मोठ्या शहरातल्या अकादमीचं नाव.

माझी भाची दहा वर्षांची आहे. मिरजेतल्या शाळेत खेळायला शिकली आणि सांगलीत दोन-तीन स्पर्धा खेळली. सांगली हे बुद्धिबळाचं जुनं गाव. नूतन बुद्धिबळ मंडळामुळे आमच्या भागातल्या साध्या घरांतही पट मांडलेला दिसतो. मुलीला बऱ्यापैकी गती आहे, पण ती भारताकडून खेळणार हे ऐकून आम्ही सगळेच जरा गांगरलो. भाईजानने लगेच पेढे आणले. अब्बांनी पेढा घेतला आणि विचारलं, “ह्या कागदावर शिक्का कोणाचा आहे?” ते कोर्टात कारकून होते, त्यामुळे त्यांना आधी शिक्काच दिसतो. भाभी आतून म्हणाल्या, “ते राहू द्या. रात्री ती कोणाच्या खोलीत झोपणार?”

पुढचे पंधरा दिवस मी ह्या दोन प्रश्नांमागे फिरले. वाचकांपैकी अनेकांच्या घरात आता पट आणि मोबाईलवरचं बुद्धिबळ दोन्ही आलं आहे, म्हणून जे कळलं ते लिहिते.

आधी शिक्क्याचं. बुद्धिबळाची जागतिक संघटना म्हणजे फिडे. ती १९२४ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाली. भारतात तिचा सदस्य अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ आहे, त्याच्याखाली राज्य संघटना आणि त्यांच्याखाली जिल्हा संघटना. आठ, दहा आणि बारा वर्षांखालच्या मुलांची जागतिक कॅडेट स्पर्धा होते, चौदा, सोळा आणि अठरा वर्षांखालच्यांची जागतिक युवा स्पर्धा. ह्या स्पर्धांत कोणत्याही पालकाला, क्लासला किंवा अकादमीला परस्पर नाव घालता येत नाही. नाव देशाच्या महासंघाकडूनच जातं, आणि निवड राष्ट्रीय वयोगट स्पर्धेतल्या वरच्या क्रमांकांतून होते. प्रत्येक गटात देशाचा एक अधिकृत खेळाडू असतो. त्याच्या राहण्या-जेवणाचा खर्च यजमान करतात. बाकीचे जातात ते स्वखर्चाने, पण तेही महासंघामार्फतच.

ह्याशिवाय जगभर शेकडो खुल्या स्पर्धा होतात. फिडेचा ओळख क्रमांक असला आणि प्रवेश फी भरली की त्यांत कोणालाही खेळता येतं. त्यात कमीपणा काहीच नाही. अनेक मुलांना पहिलं चांगलं मानांकन अशाच स्पर्धांतून मिळतं. पण हे परदेशात जाऊन खेळणं झालं, देशाचं प्रतिनिधित्व नव्हे. घोळ कुठे होतो, तर निकालाच्या तक्त्यात. तिथे प्रत्येक भारतीय खेळाडूच्या नावापुढे आपोआप देशाची तीन अक्षरं आणि झेंडा येतो, मग तो निवडून गेलेला असो की फी भरून. त्या तक्त्याचा फोटो काढला की जाहिरात तयार. आमच्याकडे आलेल्या निरोपात मागच्या वर्षीच्या मुलांचा असाच एक तक्ता होता. भाईजानने जिल्हा संघटनेच्या माणसाला फोन केला. ते हसून म्हणाले, “स्पर्धा खरी आहे हो, निवड खरी नाही.”

अब्बांचा प्रश्न तिथे मिटला. तरी शिक्क्याबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण शिक्का असला म्हणजे सगळं आलं असं आपण समजतो.

शिक्का ज्याच्या हातात असतो, तो तो अडवूनही धरू शकतो. १९७६ मध्ये मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा केवढा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि शेवटी फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्री खेळाडूंना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्णय दिला. अलीकडचं उदाहरण २०१८ चं. महासंघाची मान्यता नसलेल्या स्पर्धांत खेळाल तर कारवाई करू, ह्या अटीवर भारतीय स्पर्धा आयोगाने आपल्या महासंघाला सहा लाख ब्याण्णव हजारांचा दंड केला. तक्रार खेळाडूंनीच केली होती. म्हणजे मान्यता हे संरक्षण असतं तसा तो लगामही असतो, आणि लगाम ओढणारा चुकला तर त्याच्यावरही दाद मागता येते.

अलीरझा फिरूझाची गोष्ट तर मुलांच्या बाबतीत जास्तच बोलकी आहे. २०१९ च्या डिसेंबरात मॉस्कोत जागतिक रॅपिड आणि ब्लिट्झ स्पर्धा होती. इस्रायली खेळाडूंशी गाठ पडू नये म्हणून इराणच्या महासंघाने आपले खेळाडू पाठवायचे नाहीत असं ठरवलं. हा मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. तो देशाच्या झेंड्याऐवजी फिडेच्या झेंड्याखाली खेळला, रॅपिडमध्ये दुसरा आला, आणि पुढे फ्रान्सचा झाला. इराणचं बरोबर की मुलाचं, ह्यावर आमच्या घरात दस्तरखानावर दोन तट पडले. मला मात्र वाटलं ते इतकंच, की मोठ्यांच्या राजकारणाचं ओझं सोळा वर्षांच्या पोराने घर सोडून फेडलं.

आता भाभींचा प्रश्न. खरं सांगायचं तर माझ्या मते हाच मोठा प्रश्न, आणि त्याचं उत्तर कुठल्याच शिक्क्यात नसतं.

बुद्धिबळ म्हणजे सभ्य लोकांचा, शांत, बैठा खेळ, तिथे कसली भीती, असं आपण धरून चालतो. कुस्तीच्या आखाड्यात किंवा पोहण्याच्या तलावावर पोर पाठवताना आपण जितके सावध असतो तितके इथे नसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये फ्रान्समधल्या महिला खेळाडूंच्या पुढाकाराने एक खुलं पत्र निघालं. खेळाडू, प्रशिक्षक, पंच आणि पदाधिकाऱ्यांकडून लैंगिक त्रास सोसावा लागल्याचं त्यात उघडपणे लिहिलं होतं. बघता बघता सह्या शंभरावर गेल्या. लॅटव्हियातला एक आंतरराष्ट्रीय मास्टर तर वर्षानुवर्षं महिला खेळाडूंना टपालाने घाणेरडी पाकिटं पाठवत होता. त्यातल्या काही तेव्हा अल्पवयीन होत्या. फिडेच्या नीतिमत्ता आयोगाने त्याच्यावर अनेक वर्षांची बंदी घातली, पण ती पत्रं सुरू झाली त्यानंतर कितीतरी वर्षांनी. हे वाचल्यापासून मी भाचीच्या बक्षीस समारंभाचा फोटो टाकताना शाळेचं आणि मोहल्ल्याचं नाव काढून टाकते. भाईजानला ते पटत नाही. त्याला सगळ्या गावाला सांगायचं असतं.

नागपूरच्या दिव्या देशमुखने जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या विक आन झी इथल्या स्पर्धेनंतर स्वतःच लिहिलं होतं, की प्रेक्षक तिचे डाव सोडून कपडे, केस आणि उच्चार ह्यांवरच बोलत राहिले. ती तेव्हा अठरा वर्षांची होती, बोलू शकली. दहा वर्षांची मुलगी काय बोलणार, आणि कोणाला? हीच दिव्या जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बटुमी इथे महिला विश्वचषक जिंकली तेव्हा उठून आईच्या गळ्यात पडली. तो व्हिडिओ भाभींनी मला तीनदा पाठवला. काही न लिहिता, नुसता व्हिडिओ.

डावाच्या वेळी मूल किती एकटं असतं, हे बाहेरच्यांना कळत नाही. खेळणाऱ्याजवळ मोबाईल चालत नाही; नियम मोडला तर डाव जातो. पालकांना हॉलबाहेर थांबवतात. एक डाव चार-चार तास चालू शकतो. आपली चाल असताना पंचांना विचारल्याशिवाय खेळाची जागा सोडता येत नाही. लहान मुलं घाबरून बाथरूमलाही जात नाहीत, हे मी सांगलीतच पाहिलं आहे. नक्कल रोखण्यासाठी झडतीही होते. आपल्या मुलींसाठी एक नियम मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. फिडेच्या नियमांनुसार पंच कपडे, पिशवी किंवा अंग तपासायला सांगू शकतात, पण ही तपासणी आडोशाला व्हायला हवी, आणि तपासणारी व्यक्ती खेळाडूच्याच लिंगाची हवी. म्हणजे हिजाब किंवा ओढणी तपासायची तर ती बाईने, बाजूला नेऊन. तपासणीला सरसकट नकार दिला तर शिक्षा होऊ शकते, म्हणून मुलीला ‘नाही म्हण’ असं शिकवू नका. ‘मॅडमना बोलवा’ एवढं इंग्रजीत म्हणायला शिकवा.

कपड्यांचं निघालंच आहे तर, पुण्याची सौम्या स्वामिनाथन २०१८ मध्ये आशियाई सांघिक स्पर्धेतून बाहेर पडली, कारण स्पर्धा इराणमधल्या हमदानला गेली होती आणि तिथे डोकं झाकणं सक्तीचं होतं. आपल्या घरातली मुलगी ओढणी घेते म्हणून आपल्याला ती सक्ती बोचणार नाही, पण उद्या कुणी ती काढायची सक्ती केली तर? दोन्हीकडची अट पैसे भरण्यापूर्वी कळलेली बरी. मोठी बाई माघार घेऊ शकते. मूल तिथे पोचल्यावर काय करणार.

हे सगळं वाचून झाल्यावर भाभींनी स्वतः अकादमीला फोन लावला. मी शेजारी बसले होते.

“मुलींची खोली कशी असेल?”

“तीन मुली एका खोलीत, मॅडम. सर शेजारच्याच खोलीत असतात.”

“मुलींबरोबर बाई कोण?”

“बाई नाहीत, पण सर अगदी घरच्यासारखे आहेत.”

“मग घरचंच कुणी आलं तर?”

तर वेगळे पैसे पडतील, आणि पालकांचं हॉटेल वेगळं असेल. मुलं संघाबरोबर राहिली की शिस्त राहते, असं समजावण्यात आलं. पोर आजारी पडलं तर दवाखान्यात सही कोण करणार, ह्यावर उत्तर आलं, ‘असं कधी झालेलं नाही.’ तक्रार कोणाकडे करायची, ह्यावर ‘आजवर सगळे पालक समाधानी आहेत.’ भाभींनी शांतपणे फोन ठेवला. त्या शिकलेल्या आठवीपर्यंत, पण मला वाटतं महासंघाच्या कचेरीत बसवावं अशी बाई आहे.

इंग्लंडमध्ये मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पोलिसी नोंद तपासण्याची पद्धत आहे आणि तिथला बुद्धिबळ महासंघ ती पाळतो. अमेरिकेच्या महासंघाचंही मुलांच्या सुरक्षिततेचं लेखी धोरण आहे. आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. अठराखालचं प्रत्येक मूल, मुलगा असो वा मुलगी, त्याच्या संरक्षणात येतं, आणि गुन्हा कळूनही तो न कळवणं हाही गुन्हा आहे. मुलगा असो वा मुलगी हे मुद्दाम लिहिते, कारण आपण मुलींची चौकशी करतो आणि मुलाला ‘जा बेटा’ म्हणून सोडून देतो. देशाबाहेर काही घडलं तर आधी तिथले पोलीस आणि आपला दूतावास. दोन्हीचे नंबर मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या, कारण खेळताना मोबाईल नसणार.

कागदांचं थोडक्यात. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, हे ऐनवेळी आठवतं. युरोपातल्या शेनगेन देशांच्या व्हिसाला आई-वडील बरोबर नसतील तर दोघांची लेखी संमती लागते. तीच संमती नोटरी करून मुलाबरोबर ठेवावी, आणि त्यात उपचारासाठी सही करण्याचा अधिकार कोणाला हे नाव घालून लिहावं. जेवणाची काळजी आपल्या घरांत सगळ्यात जास्त होते, पण ती सगळ्यात सोपी आहे. हलाल मिळालं नाही तर अंडी, भात, फळं आणि घरून नेलेल्या खजुरांवर नऊ दिवस निघतात. भाचीला खरी चिंता नमाजेची होती. मुसाफिराला काय सवलत आहे ते तिने मशिदीत जाऊन इमामसाहेबांना विचारून घेतलं, आणि आम्ही तिला पाठवत नाही हे ऐकल्यावर म्हणाली, “मग मी उगाच विचारलं.”

ती दोन दिवस रुसली होती. तिची समजूत काढायला अब्बांनी तिला मीर सुलतान खान यांची गोष्ट सांगितली. पंजाबातले सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला हा माणूस १९२९, १९३२ आणि १९३३ असा तीनदा ब्रिटनचा विजेता झाला. १९३३ मध्ये हेस्टिंग्जला त्याच घरातली नोकर फातिमा हिने महिलांचं ब्रिटिश अजिंक्यपद मिळवलं. त्याच वर्षाच्या अखेरीस मालक परतले, तशी ही दोघंही परतली, आणि ब्रिटनच्या त्या पटावर पुन्हा दिसली नाहीत. २०२४ मध्ये फिडेने सुलतान खान यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला. अब्बांना सांगायचं होतं की आपल्या लोकांनीही मोठं नाव काढलं आहे. भाचीने वेगळंच विचारलं, “दादाजी, त्या फातिमाला परत यायचं होतं का?” अब्बा गप्प बसले. मलाही माहीत नव्हतं.

पन्नास हजार भरले नाहीत. त्यातल्या थोड्या पैशांत भाचीला बुद्धिबळाचं घड्याळ आणलं. येत्या जिल्हा निवड स्पर्धेत ती खेळणार आहे. तिथून राज्य, तिथून राष्ट्रीय, आणि मग जे नशिबात असेल ते. घरात आजवर एकच पासपोर्ट होता, तो तिचा, ह्याच गडबडीत काढलेला. गेल्या महिन्यात दुसरा आला. पोलीस पडताळणीला आलेल्या शिपायाने भाभींना विचारलं, “परदेशात कशाला जाताय?” भाभी म्हणाल्या, “अजून ठरलं नाही.”