गावाची माहिती : मुलाखत आणि महाजाल

भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यातील शाळांमधून 'आपले गाव' हा उपक्रम करताना शिक्षकापुढे दोन वाटा असतात. एक, वृद्धांना विचारण्याची. दुसरी, महाजालावर शोधण्याची. कोणत्याही एकाच वाटेने गेल्यास काम अपुरे राहते.

उदाहरणार्थ, दरडींचा अभ्यास घ्यावा. दि. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला व दीडशेहून अधिक माणसे दगावली. ही तारीख, त्या दिवसांतील पाऊस, शास्त्रज्ञांचे निष्कर्ष महाजालावर मिळतात. इस्रोच्या 'भुवन' या संकेतस्थळावर उपग्रहाने टिपलेला परिसर पाहता येतो. इ. स. १८८५ चे पुणे जिल्ह्याचे गॅझेटियरही महाजालावर वाचता येते.

परंतु आपल्या वाडीच्या वरच्या अंगाला पूर्वी कोठे माती सरकली होती, कोणता झरा पावसाळ्यात एकाएकी गढूळ होतो, कोणत्या उतारावर पूर्वज घर बांधीत नसत, हे कोणत्याही नकाशात नसते. ते महादेव कोळी समाजातील वृद्ध स्त्रीपुरुषांच्या स्मरणात असते.

स्मरणातही चूक होऊ शकते. वृद्ध मनुष्य तारीख न सांगता 'भाताची आवणी चालू होती, श्रावण नुकताच लागला होता' असे सांगेल. पंचांग व वृत्तपत्र ताडून पाहिले की वर्ष व दिवस निश्चित करता येतो. उलट, संकेतस्थळावरील मजकूर कोणी, केव्हा व कशाच्या आधारे लिहिला, हे पाहिल्यावाचून तो प्रमाण मानू नये. एकच बातमी दहा ठिकाणी उतरविलेली असली, तरी पुरावा एकच होय.

दोहोंत विसंगती आढळल्यास एक बाजू खोडून टाकू नये. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लिहाव्यात आणि जागेवर जाऊन पाहावे.

मुलाखतीपूर्वी अनुमती घ्यावी. ज्यांच्या घरची माणसे गेली, त्यांना मुलांकरवी प्रश्न विचारू नयेत. त्यांची नावे व छायाचित्रे महाजालावर प्रसिद्ध करू नयेत. सांगितलेले शब्द त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावेत व शेवटी वाचून दाखवावेत.

अशी वही शाळेत सिद्ध झाली, की तिची प्रत ग्रामपंचायतीस द्यावी. नवे घर वा शाळाखोली कोठे बांधावी, हे ठरविताना तिचा आधार होईल.