आधी हात धुवा, मग बॅग!

नर्सिंग म्हणजे फक्त हॉस्पिटलचा वॉर्ड, असं वाटतंय? मग जीएनएमच्या ३ वर्षांतला ‘कम्युनिटी हेल्थ’ बघाच. थिअरी मोबाईलवर कळते. गृहभेटीची बॅग मात्र क्लासमध्ये हातांनाच शिकवावी लागते. घरात गेलात की आधी वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर बॅग. साबण-टॉवेल काढून हात धुवायचे, मगच थर्मामीटर बाहेर. निघताना कागदाची जमिनीला लागलेली बाजू आत घडी करायची. एवढं कशाला? या घरातला जंतू पुढच्या घरातल्या बाळंतिणीकडे जाऊ नये म्हणून!

आणि तुमसर तालुक्यातल्या सिहोऱ्यासारख्या धानाच्या गावात रोवणीच्या दिवसांत सकाळी ११ ला गेलात, तर दाराला कुलूप. बाया बांधीत. हे कुठल्या व्हिडिओत सांगणार? भेट एकतर सकाळी ७ च्या आत, नाहीतर थेट दिवेलागणीला.