तेल हवं, तर यीस्टला उपाशी ठेवा

डोंबिवली किंवा ठाणे स्टेशनबाहेर रात्री वड्याची कढई उतरते तेव्हा तळाशी बेसनाचा करपलेला चुरा आणि वर काळपट तेल उरतं. त्यातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते तळणीला वापरायचं नाही, असा एफएसएसएआय या अन्ननियामक संस्थेचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. हेच तेल खाऊन अंगी चरबी धरणारी यीस्ट आहेत, आणि त्यांच्याविषयीचे गैरसमजही पुष्कळ.

कुठलंही यीस्ट तेल देतं, हा त्यातला एक. पावाचं यीस्ट या कामाचं नाही. कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त स्निग्धांश साठवणारी यीस्टच तेलकट गणली जातात. यारोविया लायपोलिटिका त्यांतलं नामांकित. त्याचा एनसीआयएम ३५८९ हा वाण मुंबईजवळच्या तेलाने दूषित समुद्रपाण्यात सापडला. पुण्याच्या संशोधकांनी बायोडिझेलसाठी तो ग्लुकोजवर आणि वापरलेल्या खाद्यतेलावर वाढवून पाहिला. तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

माध्यम जितकं सकस तितकं तेल अधिक, ही समजूत जास्त मुरलेली आहे. साखरेवर वाढवताना नेमकं उलटं करावं लागतं. नायट्रोजन मुबलक असेतो यीस्ट प्रथिनं बनवतं, पेशींची संख्या वाढवतं. तो संपला आणि साखर उरली की विभाजन थांबतं, मायटोकाँड्रियात सायट्रेट साचून बाहेर पडतं आणि त्याच्यापासून मेदाम्लं घडतात. म्हणून आधी पेशी वाढू द्यायच्या, मग नायट्रोजन तोडायचा. तोही बेतानेच! उपासमार अति झाली तर यारोविया तेल न साठवता सायट्रिक आम्ल बाहेर टाकत बसतं.

वड्याच्या तेलावर हा हिशेब चालत नाही. तिथे यीस्ट लायपेज हे विकर सोडून तेल फोडतं, मेदाम्लं थेट आत घेतं आणि नायट्रोजन असतानाही साठवतं. अडचण येते ती तेल पाण्यावर तरंगण्याची. पण ३५८९ तेल पाण्यात मिसळवणारं पायसकारक स्वतःच बनवतं, ही मोठीच सोय.

राहिलं 'फुकटचं तेल, म्हणजे स्वस्त उत्पादन'. हवा पुरवणं, ढवळणं, निर्जंतुकीकरण आणि शेवटी पेशी फोडून तेल काढणं यांचा खर्च कच्चा माल फुकट मिळाला म्हणून टळत नाही. बायोडिझेलच्या भावात तो निघणं अवघड. ड्यूपाँट या रसायन कंपनीने म्हणूनच महागड्या मालाची वाट धरली: यारोवियाच्या जनुकांत फेरफार करून त्यांनी ईपीए हे ओमेगा-३ मेदाम्ल मिळवलं, एकूण मेदाम्लांच्या निम्म्याहून अधिक. आणि त्या यीस्टला खाऊ घातलं होतं ग्लुकोज.