सातमाशा बाळाचे डोळे महिन्याच्या आत दाखवा

सातव्या-आठव्या महिन्यात बाळंतपण झाले, बाळ काचेच्या पेटीत ठेवावे लागले, आणि अखेर सुखरूप घरी आले, की घरात आनंदीआनंद होतो. डॉक्टरांनी डोळे तपासायची तारीख दिलेली असते. पण आजी म्हणते, "डोळे कसे टपोरे आहेत पोराचे! उगाच कशाला हाल करता?" त्यातून पेरणीची घाई असते. तारीख हुकते. नुकसान होते ते इथेच.

बाळाच्या यकृतात अ जीवनसत्त्वाचा साठा होतो तो मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. कणगी भरायच्या आधीच बाळ जन्माला आले तर ती रिकामीच राहणार! मोठ्या मुलात ही उणीव रातांधळेपणावरून किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आलेल्या फेसासारख्या डागांवरून कळते. तान्ह्या बाळाला अंधारात दिसते का, हे विचारणार कोणाला? त्यासाठी रक्तच तपासावे लागते. रक्तद्रवाच्या शंभर मिलिलिटरमध्ये रेटिनॉल 20 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असले तर उणीव धरतात. ही तपासणी सगळीकडे होत नाही.

डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार मात्र वेगळा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटतो आणि कायमचे अंधत्व येते. जादा प्राणवायूनेही हा धोका वाढतो. अमेरिकेत 1940 नंतरच्या दशकात हजारो बाळांची दृष्टी अशी गेली. बाहेरून डोळा अगदी निरोगी दिसतो, म्हणून आजीबाईंचा तरी काय दोष? अ जीवनसत्त्व दिल्याने हा आजार टळेल, असेही कोणी धरून चालू नये.

चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पहिली तपासणी जन्मानंतर तीस दिवसांच्या आत व्हायला हवी. बाळ फारच लहान, म्हणजे अठ्ठावीस आठवड्यांच्या आतले किंवा बाराशे ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर दोन ते तीन आठवड्यांतच. थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि पडदा पाहतात. बाळ रडते, पण काम काही मिनिटांचे असते. अगदी आधी पोटभर पाजू नये, उलटी होते. आजार वाढलेला दिसला तर दोन-तीन दिवसांतच लेसरचा उपचार करावा लागतो. मग "सुगी झाल्यावर बघू" हे चालत नाही. एकदा तपासून भागत नाही. डॉक्टर सांगतील तितक्या वेळा जायचे.

आणखी एक. अंगणवाडीत मिळणारा अ जीवनसत्त्वाचा डोस नवव्या महिन्यात एक लाख युनिटचा, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाखांचा असतो. तो नवजात बाळाला आपल्या मनाने पाजू नये. जादा झाले तर टाळू फुगते, उलट्या होतात. आईचा चीक मात्र वाया घालवू नये, त्यात हे जीवनसत्त्व भरपूर असते.

2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा डोळ्यांचा आजारही आहे. गावात असे बाळ आले, की आशाताईंनी दवाखान्याच्या कागदावरचे वजन आणि आठवडे पाहून तपासणीची तारीख घरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून द्यावी. आणि सरपंचांनी त्या दिवशीच्या गाडीची सोय आदल्या दिवशीच लावून ठेवावी.