ढगांची लोकल

फलाटावर उभं राहून लोकल जाताना पाहिली आहे ना? एक डबा गेला, दुसरा आला, तिसरा आला... तुम्ही जागचे हलत नाही, पण समोरून अख्खी गाडी धडधडत जाते. आता डब्यांच्या जागी गडगडाटी ढग आणा आणि फलाटाच्या जागी तुमचं गाव. प्रत्येक ढग जाता जाता आपली बादली तुमच्याच डोक्यावर उपडी करतो! हवामानशास्त्रज्ञ याला ‘ट्रेनिंग’ म्हणतात. तुमच्या बाई सुट्टीत करतात ते ट्रेनिंग नव्हे हं, हे आगगाडीच्या ट्रेनवरून आलेलं.

एकटा गडगडाटी ढग तसा अल्पायुषी. बऱ्याचदा तासाभरात त्याचा खेळ खलास. तेवढं पाणी माती पिऊन टाकते. पण पहिल्या ढगानं माती चिंब केली, की दुसऱ्याचं पाणी मुरणार कुठे? ते उताराकडे धावतं आणि सकाळी घोटाभर असलेला ओढा संध्याकाळी ओळखू येत नाही.

बरं, ही रांग लावतं कोण? गंमत म्हणजे खुद्द पाऊसच! कोसळताना तो थंड हवा खाली आणतो. ती जमिनीवर पसरते, शेजारच्या दमट, उबदार हवेखाली शिरते आणि तिला वर ढकलते. झालं, नवा ढग तयार! आता समजा, वारा ढगांना पूर्वेकडे नेतोय आणि नवे ढग पश्चिमेला जन्मताहेत. वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावरून तुम्ही खाली उतरू लागलात तर काय होईल? पाय चालू, पण तुम्ही तिथल्या तिथे! वादळाचंही तसंच होतं. म्हणून अंदाज वर्तवणारे ‘ढग केवढा?’ एवढंच विचारत नाहीत. ‘पुढचा कुठे जन्मणार?’ हा त्यांचा खरा प्रश्न असतो.

आणि तो फार अवघड आहे. २६ जुलै २००५ ची मुंबई घ्या. उपनगरांवर उंचच उंच ढग पुन्हा पुन्हा उभे राहिले. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तीस सेंटिमीटरच्या तीन पट्ट्या एकावर एक उभ्या करा. पाणी त्यांच्याही वर! मिठी नदी फुगली, त्यात समुद्राला भरती. आणि त्याच शहरात, कुलाब्याला? जेमतेम ७३ मिलिमीटर. ‘मुंबईत जोरदार पाऊस’ असा अंदाज दिला, तरी मुंबईत नक्की कुठे?

तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. आता कुलाब्याला आणि वेरावलीला आहे. ते रेडिओलहरी सोडतं. त्या थेंबांवर आपटून परततात आणि थेंब किती आहेत, रडारकडे येताहेत की लांब जाताहेत, ते सांगतात. पडद्यावर लालभडक ठिपके एकाच रेषेत, एकामागे एक दिसू लागले, की तिथल्या माणसाचा चहा गार होतो. पुढच्या तीन तासांचा इशारा लगेच द्यायचा असतो!

तुम्हीही एक करून बघा. सरळ उभ्या कडांचा डबा पावसाआधी उघड्यावर ठेवा आणि विजा पूर्ण थांबल्यावर पट्टीनं पाणी मोजा. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मित्रालाही मोजायला सांगा. जुळतात का आकडे?